निद्रा माहूरगडी

दत्तमहाराज सकाळी काशीला स्नान करतात, कोल्हापुरात भिक्षा मागतात, पांचाळेश्वरला जेवतात आणि झोपायला माहूरला येतात, अशी परंपरेची श्रद्धा आहे. एवढी पायपीट करून ज्या डोंगरावर रोज पाठ टेकावी असं देवाला वाटतं, तिथं डोळ्याला डोळा न लागलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच निघाला. तो मी. गेल्या शनिवारची गोष्ट आहे आणि त्यातले माझे वीस रुपये अजून जिवाला लागून आहेत.

नवस ताईचा होता. ओंकार पहिलं वर्ष पास झाला तर रेणुकामातेची साडीचोळीनं ओटी भरीन, असा. ओंकार म्हणजे माझा भाचा. लातूरला दोन वर्षं क्लास लावला, नीटमध्ये मार्क नीट पडले नाहीत, म्हणून डॉक्टर व्हायला तिबिलिसीला गेला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणत वाढलेलं पोरगं नेमकं जॉर्जियाला गेलं. आमची आत्या तर अजून धरून चालते की तो जॉर्जेटच्या साड्या निघतात त्या गावाला शिकतो.

नांदेडपासून माहूर सव्वाशे किलोमीटर. पोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजले. ताईला आणि आमच्या सौभाग्यवतींना एका धर्मशाळेत बायकांच्या हॉलमध्ये जागा मिळाली. आम्हा दोघा पुरुषांसाठी एका लॉजवर खोली रिकामी होती. होती म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर किल्ली खिळ्याला लटकत होती. पण माझ्याकडं आधार कार्डाची झेरॉक्स होती आणि काउंटरवरच्या माणसाला ओरिजिनल पाहिजे होतं. मोबाईलमधलं दाखवलं, तर म्हणाला, 'फोटोत काय, माझाबी सिंहासोबत फोटो आहे.' बावीस वर्षं परभणीच्या कॉलेजात अकाउंटन्सी शिकवतोय, निम्मा जिल्हा माझा विद्यार्थी आहे. पण माहूर पडलं नांदेड जिल्ह्यात.

ओंकारचे डोळे चमकले, कारण डिकीत त्याचा टेंट होता.

हा टेंट तिकडं म्हणे गेर्गेटीच्या चर्चजवळ लावला होता. चौदाव्या शतकातलं चर्च, २१७० मीटरवर, मागं पाच हजार मीटरच्या वर गेलेलं काझबेकचं बर्फाचं शिखर. शत्रू आला की मत्स्खेता या तिथल्या जुन्या राजधानीतला खजिना, अगदी जॉर्जियात ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या संत निनोचा क्रॉससुद्धा, लपवायला इथं वर आणायचे. आमची आजी पाटल्या ज्वारीच्या कणगीत लपवायची, तसंच. हाफ पँटवर ओंकारला आत सोडलं नाही, हा भाग ताईला सगळ्यात आवडला. रझाकारापासून जावयापर्यंत सगळ्यांना दारातच थांबवणाऱ्या आमच्या आजोबांचा जीव त्या चर्चमध्ये छान रमला असता. पण ओंकारचं कौतुक वेगळंच होतं. 'मामा, रात्रभर माळावर टेंटमध्ये होतो, एकानंही विचारलं नाही की कोण तुम्ही!'

मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

गडाच्या पायथ्याला एका चहाच्या टपरीमागं मोकळी जागा होती. टपरीवाल्यानं 'लावा की, जागा काय माझ्या बापाची हाय का' अशी रीतसर परवानगी दिली. टेंट केशरी रंगाचा. आत ओंकारनं बॅटरी टांगली. मार्गशीर्षातल्या थंडीत, काळोखात, तो भलामोठा आकाशकंदील सगळ्या माहूरला दिसेल असा पेटला.

आता आमच्याकडं कापडाच्या घराला टेंट म्हणत नाहीत, पाल म्हणतात. आणि रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेला माणूस काय विकतो हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. बाटल्यांत मुळ्या, कढईत तेल, मागं पाटी : मूळव्याध, गुडघेदुखी, गुप्तरोग, हमखास इलाज.

साडेदहाला बाहेरून काठीचा आवाज आला.

'कोण हाव बा आत?'

उठलो. टेंटची चेन वर ओढली ती वीतभर सरकली आणि अडकली. खाली जाईना, वर येईना. त्या फटीतून मी कसंबसं डोकं बाहेर काढलं. आता रेणुकामातेची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मागं वळून पाहू नकोस असं सांगितलेलं असताना परशुरामानं घाईनं पाहिलं, म्हणून आईचं मुखच तेवढं जमिनीतून वर आलं. तुलना करत नाही, पाप लागेल. पण पुढचा सगळा संवाद मी फक्त मुखानं केला, धड आत होतं, हे डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

समोर सत्तरीचे एक बाबा. धोतर, मफलर, हातात काठी, उजव्या गुडघ्याला जुन्या साडीची पट्टी.

'परभणीचे आहोत आम्ही,' मी म्हणालो.

'मंग हितं पाल कशापायी टाकलं?'

'राहायला.'

'तं परभणीला घर न्हाई का?'

'आहे. टू बीएचके.' हे मी का सांगितलं, कोण जाणे.

'मंग?'

या 'मंग'ला माझ्याकडं आजही उत्तर नाही. बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग माझ्या अडचणीच्या चौकशीत वेळ न घालवता स्वतःच्या अडचणीकडं वळले.

'गुडघ्यावर काय हाय का?'

'बाबा, मी डॉक्टर नाही हो.'

'डाक्टर कोन म्हनायलंय? डाक्टरकडं गेलतो. नांदेडला. अख्खा दिवस गेला, फोटू काढला, आन् म्हनला बदलावा लागंल. गुडघा काय सायकलीची ट्यूब हाय का?'

आतून ओंकार कुजबुजला, 'मामा, विचारा ना, चढताना दुखतो की उतरताना?'

'त्यो आत कोन हाय? कंपाउंडर का?'

'भाचा आहे माझा. तोच डॉक्टर होतोय.'

'कुटं?'

'जॉर्जियाला.'

'किनवटकडं हाय का?'

'नाही, लांब आहे.'

'आदिलाबादच्या फुडं?'

'बरंच पुढं.'

'तिकडं काय शिकवत्याल,' बाबा म्हणाले आणि ओंकारचं करिअर तिथं संपलं. पोरगं आत तोंड फुगवून झोपण्याच्या पिशवीत शिरलं. ताईनं प्लॉट विकून फी भरली आहे हो. त्या प्लॉटकडं बघून तरी एखादा गुडघा त्याला दाखवायचा.

तेवढ्यात बाबा माझ्या अगदी नाकासमोर उकिडवं बसायला गेले आणि 'आई गं' म्हणून अर्ध्यावरच थांबले. तो आवाज नाटकी नव्हता. गेल्या निवडणुकीच्या ड्युटीत तीन मजले मतदानयंत्रं वाहिली तेव्हापासून माझाही उजवा गुडघा बोलतो, त्यामुळं मी तो ओळखला. फटीतून एक हात बाहेर काढला आणि खिशातली बामची बाटली त्यांना दिली. 'हे लावा. थोडं. चोळून.'

'कितीला?'

'राहू द्या हो.'

'फुकटचं औषिद लागू पडत न्हाई. पाच घ्या.'

'अहो, पैसे नकोत.'

'सात?'

'बाबा, खरंच नको.'

'लै ताणू नका वैदबुवा. दहाच्या वर जमायचं न्हाई आपल्याला.' असं म्हणून त्यांनी कमरेच्या पिशवीतून दहाचं नाणं काढलं, माझ्या पसरलेल्या तळव्यावर ठेवलं आणि बाटली घेऊन गेले.

बावीस वर्षांच्या नोकरीत माझी किंमत इतक्या स्वच्छपणे कुणी सांगितली नव्हती. पहाटेपर्यंत त्या नाण्याकडं बघत पडून होतो. खाली दगड, बाजूला घोरणारा भावी डॉक्टर, वर कुठंतरी शिखरावर दत्तमहाराज गाढ.

सहाला जरा डुलका लागतोय तोच बाहेर कुजबुज. ओंकारनं चेन कशीतरी सोडवली. बाहेर सातजण बसले होते. एका बाईच्या पोराला जेवण जात नव्हतं, एकाला रात्रीचा खोकला होता, एकजण तर म्हशीसाठी आला होता. आणि सगळ्यांच्या पुढं कालचे बाबा.

'वैदबुवा, रातभर गुडघा निस्ता भाजला. दहा रुपये वापस द्या.'

वाद घालायची ताकद नव्हती. त्यांचंच नाणं खिशातून काढून दिलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि परत माझ्या हातात ठेवलं.

'ह्ये चालत न्हाई हिकडं.'

'अहो, तुम्हीच दिलं ना रात्री!'

'म्हून तं दिलं.'

सुट्टे नव्हते. अलीकडं खिशात पैसे असतात कुठं, सगळं फोनमध्ये. पाकिटाच्या कप्प्यात विसाची एक नोट सापडली, ती दिली. 'दहा ऱ्हायले तुमचे,' म्हणत बाबांनी ती कमरेच्या पिशवीत टाकली आणि विषय संपवला.

हे सगळं आमच्या सौभाग्यवती दात घासत, टपरीच्या कोपऱ्यावरून पाहत होत्या. चूळ भरून म्हणाल्या, 'अहो, म्हशीचे किती घेणार?'

आता हसतोय, पण तेव्हा डोकं फिरलं होतं, आणि बाबांवर फारसं नव्हतं. एक रात्र पाठ टेकायला देण्यासाठी त्या लॉजवाल्याला माझं ओरिजिनल पाहिजे होतं. आणि ही सात माणसं एका अनोळखी इसमाला आपला खोकला, आपलं पोरगं आणि आपला गुडघा देऊन मोकळी होणार होती. कुणी साधं नाव विचारलं नाही. पालात आहे ना, बास. मी चिडून म्हणालो, दवाखान्यात का जात नाही? खोकलावाला शांतपणे म्हणाला, 'तुमी जवळ हाव.' पोराला जेवण जात नव्हतं त्या बाईशी ओंकार बराच वेळ बोलला. जंत, औषध, अंगणवाडी असं काहीतरी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडं पाहून विचारलं, 'बुवा, कंपाउंडर बराबर सांगायलाय का?' मी मान हलवली तेव्हा कुठं ती उठली.

टेंट मूळ पिशवीत परत गेला नाही. तो कुणाचाच जात नाही. ताईच्या ओटीच्या साडीच्या बॉक्सशेजारी तसाच कोंबला आणि गडावर गेलो. दर्शन शांत झालं. ताईनं डोळे पुसत ओटी भरली, सगळ्यांना कुटलेल्या विड्याचा तांबूल मिळाला. बाहेर आल्यावर तोंड रंगवून मी दहा मिनिटं सगळं विसरलो होतो, हे कबूल करायला हवं. मग पायऱ्या उतरायला लागलो आणि विसाव्या पायरीला माझा उजवा गुडघा बोलला. खिशात हात घातला, आणि बाटली नाही हे आठवलं.

गाडी टपरीपाशीच होती. लंगडत पोचलो. बाकड्यावर बाबा पाय सोडून बसले होते. समोर कुणीतरी यात्रेकरू पायजमा वर करून बसलेला, बाबांच्या हातात माझी बाटली, आणि बाबा त्याला सांगत होते, 'थोडं लावायचं. चोळून. परभणीचं औषिद हाय.' यात्रेकरूनं दहाची नोट काढून दिली.

मला पाहून बाबा जरासुद्धा चपापले नाहीत. माझ्या चालण्याकडं एकदा पाहिलं आणि बाकड्यावर हात आपटून जागा दाखवली.

'बसा वैदबुवा. तुमचे दहा हायेतच माझ्याकडं, त्याच्यात करून टाकतो.'

हिशेबात चूक काढायचा मी खूप प्रयत्न केला. मग पँट गुडघ्यापर्यंत वर केली.