रात्री दोन वाजता बोटीवर जागं कोण असतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका,
तुम्ही सहीच्या जागी ‘सिडकोतला एक बाप’ लिहिलंय, म्हणून काका म्हणते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मालदीवच्या स्कूबा डाइव्हिंग सहलीसाठी राहायची बोट निवडण्यावर मी जे लिहिलं (बाहेर पडायची दारं मोजा, वगैरे), त्यानं माणूस नुसता घाबरतो. आयुष्यात एकदा परवडणाऱ्या सहलीत महाग बोटच घ्यावी, असा त्याचा सूर आहे. मुलीच्या सहलीसाठी तुम्ही पाहिलेली बोट नवीकोरी आणि स्वस्तही आहे. शिवाय ‘गंगापूर धरणावर बोटीत बसताना दारं कोण मोजतं?’

पैशांचं आधी. महाग म्हणजे सुरक्षित, असं मला म्हणायचं नव्हतं. पण मी दिलेली दोन्ही उदाहरणं महाग बोटींची होती, तेव्हा तसं वाचलं गेलं यात चूक माझी. जास्त पैसे बऱ्याचदा मोठ्या खिडकीचे आणि वरच्या डेकवरच्या खोलीचे असतात. त्यावर तुम्ही खुशाल काट मारा.

दारांचं मात्र मी मागे घेणार नाही. धरणावर आपण अर्धा तास जागेपणी, लाइफ जॅकेट घालून बसतो. इथे आठवडाभर बोटीच्या पोटात झोपायचं आहे. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ या डाइव्हिंग बोटीला आग लागली. ३३ प्रवासी आणि १ कर्मचारी गेले. ते सगळे खालच्या मजल्यावर झोपलेले होते. बाहेर पडायच्या वाटा दोन होत्या, पण दोन्ही वरच्या एकाच दालनात उघडत होत्या आणि तेच दालन पेटलेलं होतं. आग कशामुळे लागली हे नक्की ठरलं नाही. पण रात्री बोटीवर फिरता पहारा नव्हता, हे चौकशीत स्पष्ट झालं. म्हणून मी दारं किती एवढंच विचारत नाही, ती कुठे उघडतात तेही विचारते.

नव्या बोटीचं म्हणाल तर ‘सी स्टोरी’ ही डाइव्हिंग बोट २०२२ ची होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये इजिप्तच्या मार्सा आलमजवळ ती पहाटे उलटली, तेव्हा तिच्यावर चाळीसहून जास्त जण होते. काही जण उलट्या बोटीतल्या केबिनमध्ये तासन्‌तास अडकून पडले. नवा रंग, नवी गादी फोटोत दिसते. बोट लाटेत किती तोल सांभाळते, ते फोटोत दिसत नाही.

हे मी नुसतं वाचून लिहीत नाही. माझ्या पहिल्या सहलीत आमची केबिन खालच्या डेकवर होती आणि संकटकाळी बाहेर पडायची झडप माझ्या बिछान्याच्या बरोबर वर होती. तिसऱ्या रात्री सहज ढकलून पाहिली, तर उघडेना. वर कोणीतरी अवजड पेटी ठेवली होती. सांगितल्यावर त्यांनी ती लगेच हलवली, पण दोन रात्री आम्ही तिच्याखाली झोपलो होतो. तेव्हापासून मी बोटीवर पाय ठेवला की सामान उघडायच्या आधी दिवा बंद करून, हातानं चाचपत बाहेर पडून पाहते. मुलीलाही हे करायला लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

अॅडव्हान्स भरायच्या आधी त्यांना एवढंच विचारा: रात्री दोन वाजता जागं कोण असतं आणि तो काय करतो? टॉर्च-कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कुठे चार्ज होतात, तिथे लक्ष कोणाचं असतं? ऑक्सिजन किट आहे का? मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी डाइव्हिंगसाठी ‘दोनी’ नावाची वेगळी छोटी बोट सोबत असते. हवेच्या टाक्या आणि त्या भरायचा कंप्रेसर तिच्यावर असतात, त्यामुळे राहत्या बोटीवर गोंगाट कमी. ती आहे का तेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ती बोट सोडा, कितीही स्वस्त असली तरी.

तुमच्या बेतातली एक गोष्ट मात्र मला खरोखर काळजीची वाटली, आणि ती माझ्या लेखात यायला हवी होती: ‘शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह, दुपारचं विमान, रात्री घरी.’ असं करू नका. सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास जाऊ द्यायचे, जमल्यास २४. अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. आपल्या नाशिककरांना हे जमिनीवरही लागू आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. मालवणला दुपारपर्यंत डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीनं घाट चढणारे आपल्याकडे कमी नाहीत. तिथेही एक रात्र खाली मुक्काम करा.

आणि मालदीवच्या बेटांमधल्या चॅनेलमध्ये पाण्याचा प्रवाह जोराचा असतो. मालवणच्या दोन-चार डाइव्हवर तिथे उतरणं मला पटत नाही. मुलीचे आतापर्यंत किती डाइव्ह झालेत, ते लिहा. त्यावर कोणता मार्ग आणि कोणता महिना, ते बोलू.