उडी मारणाऱ्या कोळ्यावरचे आरोप आणि वस्तुस्थिती

ठाण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे: गॅलरीत दिसणारा उडी मारणारा लहान कोळी विषारी असून माणसावर झेप घेतो, तो अंगावरून गेला तरी फोड येतात, तो वर्षानुवर्षे जगून घरभर जाळी करतो, म्हणून फवारणी करून घ्या.

झेप घेण्याचा आरोप सर्वांत आधी तपासायला हवा, कारण सगळी भीती त्यातूनच आली आहे. तुळशीच्या कुंडीवर बसलेल्या या कोळ्याजवळ बोट नेले, तर तो थबकतो, गर्रकन वळून समोर तोंड करतो, तोंडापुढचे दोन आखूड अवयव वरखाली हलवतो आणि बोट आणखी पुढे आले की कुंडीच्या काठाखाली दडतो. त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनाच बारकावे दिसतात आणि इतर डोळ्यांना मुख्यतः हालचाल कळते, त्यामुळे काय हलले हे पाहण्यासाठी त्याला वळावेच लागते. हे वळणेच लोकांना हल्ल्याची तयारी वाटते. उडी असते ती माशी, डास, पतंग यांच्यावर किंवा एका पानावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी, आणि तीही रेशमाचा धागा मागे चिकटवून. हसारियस अॅडनसोनाय या घरांत आढळणाऱ्या जातीवर जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की हा कोळी डोळ्यातील प्रतिमेच्या अस्पष्टपणावरून अंतर जोखतो आणि लाल प्रकाशात त्याची उडी तोकडी पडते. इतक्या मोजूनमापून उडी मारणारा प्राणी आपल्यापेक्षा शेकडो पटींनी मोठ्या माणसावर शिकारीसाठी धावून जात नाही. विष त्याच्याकडे आहे, पण ते कीटकांसाठी. चिमटीत दाबला तर क्वचित चावतो आणि बहुधा थोडी आग व सूज येऊन प्रकरण तेवढ्यावर मिटते.

अंगावरून नुसते चालत गेल्याने फोड येत नाहीत. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा पीडेरस नावाचा नारिंगी-काळा भुंगेरा त्वचेवर चिरडला गेला, की त्याच्यातील दाहक द्रव्यामुळे लांबट चट्टे व फोड उठतात. नागिणीचे फोडही अनेकदा कोळ्याच्या माथी मारले जातात. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

आयुष्याबद्दलचा दावा तर साफ चुकीचा आहे. हे कोळी साधारण वर्षभर जगतात. नर बहुधा लवकर मरतात आणि बंदिस्त जागेत सांभाळलेल्या काही जातींच्या माद्या दोन वर्षांपर्यंत पोहोचतात. भक्ष्य पकडायला ते जाळे विणतच नाहीत. खिडकीच्या चौकटीत दिसणारी पांढरी रेशमी पिशवी म्हणजे त्यांची झोपण्याची, कात टाकण्याची आणि अंडी सांभाळण्याची जागा. कात टाकण्यापूर्वी कोळी तिच्यात काही दिवस न खाता निपचित बसतो. मेला समजून त्याला केरात काढले जाते, याचे फार वाईट वाटते. छतावरची जळमटे बहुतांशी लांब, बारीक पायांच्या वेगळ्याच कोळ्यांची असतात.

राहिली फवारणी. तिने भक्षक मरतो आणि कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यातली डासांची पैदास तशीच राहते. शिवाय ठाणे-कल्याण परिसरातूनच २०२१ मध्ये उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात नोंदवली गेली आणि शहीद पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला आयसियस तुकारामी हे नाव मिळाले. आपल्या आवारात कोणत्या जाती नांदतात याची मोजदाद अजून चालू असताना सरसकट औषध मारणे मला गैर वाटते. कोळी घरात नकोच असेल, तर त्याच्यावर पेला पालथा घालावा, खालून जाड कागद सरकवावा आणि त्याला झाडावर नेऊन सोडावे.