बोटीत उरलेलं पाणी

उन्हाळा लागला की उत्तर कॅलिफोर्नियातल्या बोटवाल्यांमध्ये एक दावा हमखास फिरायला लागतो. बे एरियातल्या मराठी मंडळींच्या टाहो सहलींच्या बेतातही तो डोकावतो. दावा थोडक्यात असा: परके शिंपले पाण्यात शिरू नयेत म्हणून टाहो सरोवरावर होणारी सक्तीची बोटतपासणी म्हणजे पैसे काढायचा धंदा. धुतलेली बोट अडवून काय मिळणार? शिंपले आणले मोठ्या जहाजांनी, ते इकडून तिकडे नेतात बदकं, टाहोच्या पाण्यात ते तसेही जगत नाहीत, कायाकवाल्यांना कोणी विचारत नाही, आणि एवढं करून एक ना एक दिवस ते येणारच.

यातल्या एका मुद्द्यात खरोखर दम आहे, आणखी एकात अर्धं तथ्य आहे. बाकीचे पाण्याचा विचार न करता मांडलेले आहेत.

आधी पार्श्वभूमी. टाहो हे कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरचं, सुमारे 1,900 मीटर उंचीवरचं, 501 मीटर खोल सरोवर. जानेवारी 2007 मध्ये लास व्हेगसजवळच्या लेक मीडमध्ये क्वागा जातीचे परके शिंपले सापडले आणि 2008 पासून टाहोत मोटरबोट उतरवण्याआधी तपासणी सक्तीची झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्याच स्टॉकटन बंदरात सोनेरी शिंपला सापडला. उत्तर अमेरिकेतली ती पहिलीच नोंद, आणि स्टॉकटनहून टाहो गाडीने तीनेक तासांवर. म्हणून 2025 च्या हंगामापासून नियम आणखी आवळला: बोटीवर टाहोचं सील, म्हणजे तिथून निघताना लावलेली तारेची मोहर, शाबूत नसेल, तर गरम पाण्याने निर्जंतुक करून घेतल्याशिवाय मोटरबोट पाण्यात जात नाही. सोनेरी शिंपला, जाता जाता, आपल्या गोव्याच्या शिनाण्यांच्याच कुळातला. फक्त तो गोड्या पाण्यात राहतो आणि कालवणात पडण्याऐवजी पाइपात जाऊन बसतो.

'माझी बोट स्वच्छ धुतलेली आहे, डोळ्यांना दिसतंय.' सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा हाच, म्हणून यावर जरा थांबू.

डोळ्यांना दिसतो तो मोठा झालेला शिंपला. त्याची अळी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते आणि पाण्यात तरंगत राहते. पेलाभर पाण्यात शेकडो असल्या तरी पाणी नितळच दिसतं. लेक मीडच्या परिसरात झालेल्या चाचण्यांत, बोटीत उरलेल्या पाण्यात क्वागाच्या अळ्या उन्हाळ्यात सुमारे 5 दिवस आणि शरदातल्या थंड हवेत तब्बल 27 दिवस जिवंत राहिल्या. म्हणजे ऑक्टोबरात एका तळ्यातून काढून तीन आठवडे गॅरेजसमोर उभी ठेवलेली, वरून चकाचक दिसणारी बोटसुद्धा जिवंत पाणी घेऊन फिरत असू शकते.

हे पाणी असतं कुठे? बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पन्हळीत. मासे जिवंत ठेवायच्या टाकीत. नांगराच्या कप्प्यात, भिजलेल्या दोराच्या वेटोळ्याखाली. इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्यांत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वेकबोर्डच्या, म्हणजे बोटीमागे फळीवर उभं राहून घसरायच्या खेळाच्या, बोटींच्या बॅलास्ट टाक्यांत. मागे मोठी लाट उठावी म्हणून या टाक्यांत शेकडो लिटर पाणी भरतात. ते उपसणाऱ्या पंपाचं तोंड तळाला टेकलेलं नसतं, किंचित वर असतं. पंप हवा ओढायला लागला, आवाज बदलला, की मालक म्हणतो 'झाली रिकामी'. खाली काही लिटर उरलेले असतात. टाकी बंद असल्यामुळे ते सुकतही नाहीत.

म्हणून तपासनीस सुरुवात बोटीच्या तळाच्या बुचापासून करतो. बूच काढलेलं आहे का, बोटीचं नाक वर करून तळाचं पाणी निथळू दिलं होतं का, हे आधी. मग आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेली, मोटर सरळ खाली सोडायला सांगतो. वर उचललेल्या मोटरीच्या पोटात पाणी अडून राहतं. खाली सोडली की धार लागते आणि मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्यानंतर हात. बोटीच्या बुडावरून, ट्रिम टॅबच्या, म्हणजे मागच्या हलत्या पट्ट्यांच्या, मागून, खोली मोजणाऱ्या सेन्सरच्या कडेने बोटं फिरवली जातात. नुकतेच चिकटलेले शिंपले दिसत नाहीत, पण गुळगुळीत फायबरग्लास मध्येच काचकागदासारखा खरखरीत लागतो. शेवटी ट्रेलर: बोट टेकते त्या फळ्यांवरचा गालिचा, रोलर, नंबरप्लेटची मागची बाजू, चौकटीच्या पोकळ नळ्या. इथे बहुधा पाणवनस्पती सापडतात. युरेशियन मिलफॉइलचा बोटभर तुकडासुद्धा नव्या तळ्यात मूळ धरतो. जलपर्णीने भरलेली नदी ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

'मी घरी प्रेशर वॉशरने धुतो' हे उत्तर इथे कामाचं नाही. गार पाण्याचा जोर शिंपला खरवडून काढतो, मारत नाही. ब्लीचचंही तसंच: शिंपला धोका जाणवताच शिंपा मिटून घेतो आणि वाट बघतो. तेवढ्यात खराब होतात ती रबरी वायसरं. मारतं ते गरम पाणी. बाहेरून 140 अंश फॅरनहाइट, म्हणजे 60 अंश सेल्सिअस, एका जागी निदान 10 सेकंद. यात चूक होते ती नेहमीची: नळीच्या तोंडाशी 140 असलेलं पाणी हातभर अंतरावर बोटीला लागेपर्यंत निवतं, आणि धुणारा माणूस घाईने हात पुढे सरकवतो. तापमान मोजायचं ते पाणी जिथे लागतं तिथे. बिल्ज आणि बॅलास्टमध्ये 120 अंश फॅरनहाइटच वापरतात, कारण तिथले पंप त्याहून गरम पाणी सोसत नाहीत. उष्णता कमी, म्हणून वेळ जास्त, दोन मिनिटांहून अधिक. इंजिनासाठी पाणी घेण्याच्या भोकांवर रबरी कप बसवतात, इंजिन सुरू करून मंद चालू ठेवतात आणि बाहेर पडणारं पाणी 140 पर्यंत पोचेतो थांबतात. इंजिन बंद ठेवून नुसती नळी लावली तर थर्मोस्टॅट उघडत नाही आणि आतल्या अर्ध्या नळ्यांत गरम पाणी जातच नाही. घरच्या गीझरवर हे सगळं जमवून दाखवावं, मग बोलू.

'शिंपले जहाजांनी आणले, मग आमच्या बोटींना का छळता?' पहिला भाग मान्य. सोनेरी शिंपला चीन आणि आग्नेय आशियातला. तो बहुधा समुद्री जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे तोल राखायला भरलेल्या पाण्यातूनच आला. पण जहाज त्याला स्टॉकटनपर्यंत आणतं. टाहोत 63 ओढे-नद्या उतरतात, सगळ्या भोवतालच्या डोंगरांतून. बाहेर पडते ती एकटी ट्रकी नदी, आणि ती वाळवंटातल्या पिरॅमिड लेककडे जाते. खालून वर पाणी येण्याची वाटच नाही. स्टॉकटन ते टाहो ही चढण शिंपला एकाच वाहनावर चढू शकतो, आणि त्या वाहनाला ट्रेलर म्हणतात. मायर्स, स्पूनर समिट आणि अल्पाइन मेडोजची तपासणी केंद्रं सरोवराकडे चढणाऱ्या रस्त्यांवर आहेत ती उगाच नाहीत.

'बदकं नेतातच की.' बदकाच्या पिसांना अळी चिकटू शकते, हे खोटं नाही. मुद्दाम अळ्यांच्या पाण्यात पोहवून मोजलं तेव्हा अगदी थोड्या सापडल्या, आणि उडताना वाऱ्याने पाय-पिसं सुकतात. पण खरा पुरावा नकाशाचा. क्वागाचा जवळचा भाऊबंद झेब्रा शिंपला 1988 मध्ये ग्रेट लेक्सच्या भागात, लेक सेंट क्लेअरमध्ये सापडला. क्वागाही त्याच भागात त्याच सुमारास आला. बदकांनी पसरवला असता तर तळ्यामागून तळं असा हळूहळू पश्चिमेकडे सरकला असता. झालं काय? क्वागाने रॉकी पर्वतरांग ओलांडून एकदम लेक मीड गाठलं, जिथे मोठाल्या मरीना, म्हणजे बोटी बांधून ठेवायचे धक्के, आहेत आणि देशभरातून ट्रेलरवर बोटी येतात. असं बदक कुठलं, जे वाटेतली शेकडो तळी सोडून थेट मरीनात उतरतं?

'टाहोच्या पाण्यात कॅल्शियम कमी, शिंपले जगत नाहीत.' हा अर्धवट तथ्याचा मुद्दा. शिंपा बांधायला कॅल्शियम लागतं, आणि टाहोच्या पाण्यात ते लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे क्वागाच्या सोयीच्या पातळीखाली आहे. पण टाहोच्या पाण्यात ठेवलेले प्रौढ क्वागा प्रयोगशाळेत कित्येक आठवडे जगले. आशियाई तिसऱ्या तर 2002 पासून सरोवरातच आहेत, म्हणजे शिंपा बांधण्यापुरतं कॅल्शियम तिथे मिळतं. आणि हा युक्तिवाद आता शिळा झाला आहे, कारण सोनेरी शिंपल्याला लिटरमागे 3-4 मिलिग्रॅमही पुरतात. दक्षिण अमेरिकेत तो 1991 च्या सुमारास रिओ दे ला प्लाताच्या मुखाशी दिसला आणि 2001 पर्यंत पाराना नदीने वर चढत इताइपू धरणात, जलविद्युत केंद्राच्या गारव्याच्या नळ्यांत जाऊन बसला.

'कायाकवाल्यांना मोकळं रान.' दम आहे तो याच मुद्द्यात. कायाक, पॅडलबोर्ड यांना सक्तीची तपासणी नाही. 'स्वच्छ करा, निथळवा, सुकवा' एवढं सांगून सोडतात. कारण समजण्यासारखं आहे: त्यांना इंजिन नाही, बॅलास्ट नाही, बंद टाकी नाही, उलटी केली की पाणी गेलं. पण 2023 मध्ये टाहोत न्यूझीलंडची चिखलगोगलगाय सापडली. ती जेमतेम काही मिलिमीटरची, आणि अशी गोगलगाय बुटांच्या तळव्यावर, मासेमारीच्या वेडर्सवर, म्हणजे पाण्यात उभं राहायच्या विजारींवर, ओल्या दोरावर सहज येते. मोटरबोटींवर सगळा भर आणि बाकीच्यांवर नुसता विश्वास, ही फट आहे. मात्र यावरून निघतो तो निष्कर्ष कायाक उतरवण्याच्या धक्क्यांवरही ब्रश आणि माणूस ठेवा असा. एक दार उघडं राहिलं म्हणून दुसऱ्याची कडी काढा असं कोणी घराबाबत म्हणत नाही.

पैशांचं म्हणाल तर शुल्क आहे आणि ते बोटीच्या लांबीप्रमाणे वाढतं. शनिवारी सकाळी रांगेत ताटकळणं हेही खरं. पण क्वागा शिरला तर टाहोच्या परिसराचं दरवर्षी सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलरचं नुकसान होईल, असा अमेरिकन लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाचा अंदाज होता. रांग टाळायची तर उपाय साधा आहे. टाहोतून निघताना बोट आणि ट्रेलर यांना जोडणारं तारेचं सील लावून घ्यायचं. पुढच्या खेपेला ते शाबूत असेल तर तपासणीची गरजच नाही. अट एकच: मधल्या काळात बोट दुसऱ्या कुठल्या पाण्यात गेली नाही. आणि पहिल्यांदा येताना बोट कोरडी आणावी, बूच काढून, बिल्ज स्पंजने टिपून. केंद्रावर बोट अडते ती बहुधा शिंपल्यापायी नाही, आत ओल सापडली म्हणून. कामाचे तास वाढवा, केंद्रं वाढवा, अशी मागणी करायची तर आम्ही तुमच्यासोबत आहोत.

राहिला 'येणारच' हा मुद्दा. तपासणी असूनही लेक पॉवेलमध्ये 2013 मध्ये प्रौढ क्वागा सापडले. आयडाहोत रस्त्यावर तपासण्या होतात, तरी सप्टेंबर 2023 मध्ये ट्विन फॉल्सजवळ स्नेक नदीत क्वागा निघाला. हे लपवण्यात अर्थ नाही. पण या शिंपल्यांचं प्रजनन पाण्यातच होतं: नर आणि मादी आपापली बीजं पाण्यात सोडतात, ती एकमेकांना भेटावी लागतात. प्रचंड सरोवरात चार-दोन शिंपले दूरदूर पडले तर ती भेट होत नाही. एकाच मरीनात महिनाभरात दहा ओल्या बोटी रित्या झाल्या तर होते. म्हणून निम्म्या धोक्याच्या बोटी अडल्या तरी फरक पडतो, आणि टाहोत आजवर क्वागाची वस्ती झालेली नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन हुस्तो जलाशयात 2008 मध्ये झेब्रा शिंपले निघाले आणि तो बोटींसाठी बंदच झाला. तिथे आता तपासणीच्या रांगेची तक्रार करायला कोणी येत नाही.

आणि लवकर सापडला तर घालवताही येतो. 1999 मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या मरीनांत काळ्या पट्ट्यांचा शिंपला निघाला, झेब्रा शिंपल्याचा खाऱ्या पाण्यातला चुलतभाऊ. भरती-ओहोटीमुळे त्या मरीनांना दारं होती. ती बंद केली, क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, तिथून निघून गेलेल्या बोटी शोधून तपासल्या, आणि काही आठवड्यांत शिंपला संपला. तोच शिंपला विशाखापट्टणम आणि मुंबई बंदरांत अर्धशतकाहून जुना रहिवासी आहे. तिथे दारं बंद करायची वेळ केव्हाच गेली. आता बुडं खरवडतात.