जागच्या सीटमध्ये बाळ रमतं, चालायला शिकत नाही

महिन्याभरात हा मेसेज मला चार ग्रुपांवर आला. मजकूर थोडक्यात असा: ‘वॉकर धोक्याचा, पण ही एका जागी राहणारी अ‍ॅक्टिव्हिटी सीट शंभर टक्के सुरक्षित. चौथा महिना लागला की बाळाला त्यात ठेवा. पायांत जोर येतो, बाळ लवकर चालतं, रांगलं नाही तरी चालतं. दिवे-गाण्यांनी मेंदू तल्लख होतो. बाळ तासन्‌तास रमतं, आई मोकळी. आपल्या आज्यांचा पांगुळगाडा तो हाच.’ शेवटी हात जोडल्याचं चिन्ह आणि ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’.

आमच्याकडे ही सीट बारशाला भेट आली होती: मधोमध जांघेत अडकणारी कापडी बैठक, भोवती दिवे-गाण्यांच्या खेळण्यांचा ट्रे, खाली चाकं नाहीत. पोर सात महिन्यांची होईपर्यंत मी ती अगदी या मेसेजसारखीच वापरली. म्हणूनच गप्प बसवत नाही.

सुरक्षिततेचं आधी, कारण तिथे मेसेज निम्मा खरा आहे. चाकांचा वॉकर खरोखर वाईट. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात २ लाख ३० हजारांहून जास्त बाळांना वॉकरमुळे झालेल्या दुखापतींसाठी तातडीच्या उपचारांना न्यावं लागलं आणि त्यांतली तीन चतुर्थांश बाळं जिन्यावरून गडगडली होती. जागची सीट जिन्यापर्यंत जात नाही, त्यामुळे वॉकरपेक्षा ती बरी. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही वॉकरऐवजी हा पर्याय सुचवतात. पण ‘शंभर टक्के’ कुठून आलं? पलंगावर किंवा ओट्यावर ठेवलेली सीट बाळाच्या उड्यांनी सरकते. गॅसचा ओटा, पडद्याची दोरी, इस्त्रीची वायर हाताशी असेल, तर बाळ जागेवरूनच ओढतं. आणि बाळ त्यातच झोपलं की मान पुढे कलते, हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते. डोळे मिटायला लागले की उचलून सपाट गादीवर पाठीवर निजवायचं, झोप मोडली तरी.

चौथ्या महिन्याचंही तसंच. त्या वयात बरीच बाळं मान नुकतीच धरायला लागलेली असतात, कमरेत जोर आलेला नसतो. अशा बाळाला उभं अडकवलं की ते एका कुशीला कलंडतं आणि आपण बाजूला दुपटी कोंबतो. दुपटी कोंबावी लागतात याचा अर्थ बाळ अजून तयार नाही.

आता पायांतला जोर. घरी सीट असेल, तर एक करून बघा. बाळ आत असताना त्याच्या टाचेखालून साधा कागद सरकवा. आमच्या पोरीच्या टाचेखालून तो अलगद आरपार गेला. ती चवड्यांवर होती, बोटांनी जमीन ढकलत होती आणि सगळं वजन जांघेतल्या कापडावर होतं. मला वाटत होतं ती उभी आहे. खरं तर ती टांगलेली होती. उंची कमी केल्यावर तळवा टेकला, पण वजन कापडावरच राहिलं. उभं राहायला शिकणं म्हणजे तोल जाणं, एका पायावरून दुसऱ्यावर वजन घेणं, बुडावर आपटून पुन्हा उठणं. सीटमध्ये पडताच येत नाही. भोवतीच्या ट्रेमुळे स्वतःची पावलंही दिसत नाहीत. १९९९ साली अमेरिकेत १०९ बाळांवर झालेला एक अभ्यास आहे. वॉकरमधली बाळं बसायला, रांगायला आणि चालायला इतरांपेक्षा उशिरा शिकली, आणि पाय झाकणाऱ्या मोठ्या ट्रेचे वॉकर वापरणारी सगळ्यांत मागे होती. तो अभ्यास चाकांच्या वॉकरचा, हे मान्य. पण टांगलेलं वजन आणि झाकलेली पावलं इथेही तीच आहेत.

आणि ‘लवकर’ची एवढी घाई का? जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतली निरोगी बाळं पाहिली, तेव्हा आधाराशिवाय चालण्याचं वय साधारण ८ ते साडेसतरा महिने इतकं पसरलेलं निघालं. त्यातली काही मोजकी बाळं हातापायांवर रांगलीच नाहीत आणि तरी नीट चालली. बाळ आपणहून रांगणं टाळतं ती गोष्ट वेगळी. रांगायला जमीनच मिळू न देणं वेगळं.

पांगुळगाड्याची ओळ वाचून मला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं. लाकडी पांगुळगाड्यात बाळाला बसवत नाहीत. ते मागे उभं राहतं, दांडी धरतं आणि गाडा पुढे ढकलतं. सगळा भार त्याच्याच तळव्यांवर. दांडी सुटली की ते खाली बसतं. शिवाय धरून उभं राहायला लागल्यावरच तो हातात यायचा आणि सारवलेल्या जमिनीवर चाकं जरा जडच फिरायची. (आजच्या गुळगुळीत फरशीवर तोही निसटतो, म्हणून आपण दांडीला हात लावून चालायचं.) जिथे बाळ स्वतःला तोलतं ती वस्तू आणि जिथे त्याला तोलून धरतात ती वस्तू एक कशी?

दिवे-गाण्यांबद्दल फार लिहीत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २६ बाळांच्या घरचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. आवाज करणारी बॅटरीची खेळणी चालू असली, की आईबाप बाळाशी कमी बोलतात, असं त्यात दिसलं. पुस्तक हातात असलं की सर्वांत जास्त. मी सीटची बटणं बंद केली.

राहिली मोकळी आई. इथे मी कुठल्याच आईला दोष देणार नाही. घरात दुसरं माणूस नसतं, कुकर होत आलेला असतो, स्वतःला आंघोळ करायची असते, हात दोनच. त्या वेळी पंधरा-वीस मिनिटं बाळाला सीटमध्ये ठेवलं, तर काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘तासन्‌तास’मुळे. वर्षाच्या आतल्या बाळाला सलग एक तासापेक्षा जास्त कशातही जखडून ठेवू नये आणि न रांगणाऱ्या बाळाला दिवसभरात थोडं थोडं करून निदान अर्धा तास पालथं खेळू द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९पासून सांगते. आम्ही हिशेब मांडला तेव्हा सकाळी सीट, दुपारी झोळी, संध्याकाळी बाबागाडी. जमिनीवर पोर जेमतेम दहा मिनिटं होती.

आता स्वयंपाकघराच्या दाराशी सतरंजी असते, ओट्यापासून लांब, मला दिसेल अशी. पहिल्या दिवशी पालथी घातली तर भोकाड पसरलं. चौथ्या दिवशी मी एक स्टीलची वाटी तिच्यापासून हातभर लांब ठेवली. तिने हात लांबवला, पोट घासत आधी मागेच सरकली, चिडली, कोपर रोवलं, एक गुडघा पोटाखाली घेतला. वाटीला बोट लागलं तशी वाटी घरंगळत पुढे गेली, आणि ती तिच्यामागे निघाली.