‘बायकांना हे रोग होत नाहीत’ म्हणे!

‘निसर्गाने बाईला पुरुषापेक्षा जास्त प्रतिकारशक्ती दिली आहे. दर महिन्याला शरीर साफ होतं, त्यामुळे गुप्तरोगाचे विषाणू टिकत नाहीत. केनियात तर एड्स न होणाऱ्या बायका सापडल्या. नवऱ्याशी प्रामाणिक असलेल्या बाईला लस-बिस नको.’ हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यात थोडं खरं मिसळलंय, म्हणूनच तो पटतो.

प्रतिकारशक्तीपासून सुरुवात करू. विषाणू ओळखणारं टीएलआर-7 हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे एक्स दोन, त्यामुळे तिचा प्रतिसाद बहुधा जास्त जोरकस असतो. एचआयव्हीच्या सुरुवातीला तिच्या रक्तात विषाणू कमी सापडतात, हेही खरं. पण म्हणून आजार पुढे सरकायचा थांबत नाही. उलट विषाणूंचं प्रमाण सारखंच असेल तर बाईचा आजार पुरुषापेक्षा वेगाने वाढतो.

आणि हे सगळं लागण झाल्यानंतरचं. लागण होण्यातच बाईची बाजू लंगडी आहे. योनीचं अस्तर मोठं, नाजूक, वीर्य आत बराच वेळ राहतं. कोवळ्या वयात गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या भागावर पेशींचा एकच थर उघडा असतो. एचआयव्हीचा धोका दर 10,000 असुरक्षित संबंधांमागे बाईला अंदाजे 8, पुरुषाला 4. जननेंद्रियाच्या नागिणीचा, म्हणजे हर्पिसचा विषाणूही पुरुषाकडून बाईकडे जास्त सहज जातो.

पाळीने काही धुऊन निघत नाही. एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू गर्भाशयमुखाच्या अस्तरात अगदी तळाच्या पेशींत बसतो. पाळीत गळतं ते गर्भाशयाच्या आतलं अस्तर. शिवाय रक्तामुळे योनीतली आम्लता त्या दिवसांत कमीच होते, आणि ती आम्लताच तर राखण करते!

केनियाची गोष्ट मात्र अर्धीच सांगितली जाते. नैरोबीच्या पुमवानी वस्तीतल्या काही वेश्या वर्षानुवर्षं एचआयव्हीमुक्त राहिल्या, हे संशोधकांनी खरंच नोंदवलं. पण त्यांतल्या काहींना पुढे लागण झालीच, आणि ती धंदा कमी केल्यावर किंवा मध्ये थांबवल्यावर जास्त दिसली. जिला ‘कवच’ म्हणतात ती गोष्ट जन्मभराची नव्हतीच.

प्रामाणिकपणाचा मुद्दा मला सर्वांत जास्त झोंबतो. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यात आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या बायकांपैकी 13.6 टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. यातल्या बहुतेकींचा आयुष्यभराचा जोडीदार एकच, नवरा. चारित्र्य तिचं बघायचं आणि विषाणू त्याने आणायचा, असा हा हिशेब.

राहता राहिली लस. एचपीव्ही बहुतेक वेळा दोनेक वर्षांत आपोआप जातो. जो ठाण मांडतो तोच पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवतो. पुण्याच्याच सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही एचपीव्हीवरची लस बाजारात आहे. ती 9 ते 14 वयात, विषाणूशी गाठ पडण्याआधी दिलेली उत्तम. लस सगळे प्रकार अडवत नाही, म्हणून तिशीनंतर तपासणी हवीच: गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात, बिघडलेला भाग पांढरा दिसतो, पाचेक मिनिटांचं काम. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हीच तपासणी करून घेतली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.