शाळेच्या फीवर १८% जीएसटी? फॉरवर्ड करण्याआधी पावती तरी बघा

ऍडमिशनचा सीझन आला की एक मेसेज परत जिवंत होतो. सोसायटीचा ग्रुप, पालकांचा ग्रुप, गावाकडच्या भाऊबंदांचा ग्रुप, सगळीकडे तोच. मजकूर साधारण असा: खाजगी शाळेच्या फीवर आता १८% जीएसटी, बस-वह्या-डबा सगळ्यावर टॅक्स, इन्कम टॅक्सच्या नवीन रिजीममध्ये (म्हणजे नव्या करपद्धतीत) मुलांच्या फीची सवलतही काढून घेतली, शाळांवर टॅक्सचा बोजा पडतो म्हणून बिचाऱ्या फी वाढवतात, ब्रिटनने २०% लावलाच आहे आता आपला नंबर, मध्यमवर्गीयांनो जागे व्हा. आणि खाली हात जोडलेले इमोजी.

यात थोडं खरं आहे, बरंच अर्धवट आहे, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात जे लिहिलंय ते साफ खोटं आहे. फीचे आकडे बघून माझंही डोकं फिरतं, त्यामुळे मी कुणाची वकिली करायला बसलेलो नाही, पण राग काढायचा तर बरोबर माणसावर काढा ना.

"शाळेच्या फीवर १८% जीएसटी"

नाही. जीएसटी १ जुलै २०१७ ला सुरू झाला तेव्हापासून शाळेने आपल्या विद्यार्थ्यांना दिलेली सेवा करमुक्त आहे. त्याआधीच २८ जून २०१७ ला जे नोटिफिकेशन निघालं, १२/२०१७ नंबरचं, त्यातच ही सूट आहे, आणि प्री-स्कूलपासून बारावीपर्यंत ती लागू होते. शाळा सरकारी का खाजगी, मराठी माध्यम का इंग्रजी, स्टेट बोर्ड का सीबीएसई का आयबी, याने काही फरक पडत नाही. वर्षाला ३० हजार फी असो नाहीतर ६ लाख, फीवर जीएसटी शून्य. (६ लाखवाल्यांना पण शून्य कशाला, असं कुणी विचारलं तर तो वेगळा वाद आहे आणि तो घालायला मला आवडेल.)

मग लोकांना १८% दिसतो कुठे? दोन ठिकाणी. एक म्हणजे फी ऑनलाईन भरताना पेमेंट गेटवे जो कन्व्हिनियन्स चार्ज लावतो त्यावर १८% जीएसटी असतो, म्हणजे १०० रुपये चार्ज असेल तर १८ रुपये, पण पावतीवर "जीएसटी" हा शब्द दिसला की झालं, स्क्रीनशॉट निघालाच. आणि दुसरं, खरं ठिकाण म्हणजे क्लास.

क्लासवर मात्र टॅक्स आहे, पूर्ण १८%. तो काही आत्ताचा नाही, जीएसटीच्या आधी सर्व्हिस टॅक्स होता तेव्हाही २००३ पासून कोचिंग त्यात होतंच. शाळा-कॉलेजला सूट मिळते कारण तिथे कायद्याने मान्य असलेलं शिक्षण मिळतं, जेईई-नीटच्या क्लासला ती मिळत नाही. आता आपल्याकडे अकरावी-बारावीचं काय चालतं ते सगळ्यांना माहितीये, ऍडमिशन कॉलेजात, पोरगं दिवसभर क्लासमध्ये, कॉलेजची फी किरकोळ आणि क्लासची दीड लाख. त्या दीड लाखावर २७ हजार जीएसटी. हा कर मध्यमवर्गाच्या खिशातूनच जातो, चांगला दणकून जातो, आणि त्यावर बोललात तर मी तुमच्यासोबत आहे. गल्लीतल्या ताईंकडे ट्यूशन लावली असेल तर त्यांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असणार, त्यामुळे त्यांना जीएसटी नोंदणीच लागत नाही. त्यांनी तुमच्याकडून जीएसटी मागितला तर जीएसटी नोंदणीचा नंबर विचारा.

"बस, डबा, वह्या सगळ्यावर टॅक्स"

इथे "सगळ्यावर" हा शब्द घोळ घालतो. बारावीपर्यंतच्या शाळेला कुणी मुलांची ने-आण करण्याची सेवा देत असेल, कॅन्टीन किंवा मध्यान्ह भोजन पुरवत असेल, शाळेच्या आवारात सिक्युरिटी, साफसफाई करत असेल, तर त्यावर जीएसटी नाही. व्हॅनवाले काका तर त्या भानगडीत येतच नाहीत, नॉन-एसी गाडी आणि तुटपुंजी उलाढाल. त्यांनी भाडं वाढवलं तर ते डिझेल-सीएनजीमुळे वाढवलेलं असणार.

वस्तूंचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून उलट झालंय. वह्या, पेन्सिल, खोडरबर, शार्पनर, क्रेयॉन, नकाशे हे सगळं शून्यावर आलं. कंपास पेटी १२ वरून ५ वर आली. छापील पाठ्यपुस्तकावर आधीपासून शून्यच होता. युनिफॉर्म आणि बूट २५०० रुपयांच्या आत असले की ५%. पण पेनवर १८% तसाच आहे, म्हणजे चौथीपर्यंत पेन्सिलने लिहा करमुक्त आणि पाचवीला पेन हातात घेतलं की सरकार हजर, हे कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. शिवाय वहीचा कागद शून्यावर आणला पण पुस्तकाचा कागद १२ वरून १८ वर गेला, त्यामुळे पुस्तक करमुक्त असलं तरी प्रकाशकाचा खर्च वाढला आणि तो किमतीत येणार.

पण मला विचाराल तर स्टेशनरीवरचा जीएसटी हा मुख्य प्रॉब्लेमच नाही. तीच वही बाहेर ४० ला मिळते आणि शाळेच्या लोगोचं कव्हर चढलं की ७० ला, तेही "आमच्याच दुकानातून घ्या" अशा सक्तीने. त्या ३० रुपयांवर कुठलाही मेसेज फिरत नाही.

"नवीन रिजीममध्ये फीची सवलत गेली, मध्यमवर्ग लुटला"

सवलत गेली हे खरं. जुन्या रिजीममध्ये ८०सी खाली, म्हणजे गुंतवणूक आणि ठराविक खर्च उत्पन्नातून वजा करू देणाऱ्या कलमाखाली, दोन मुलांपर्यंत ट्यूशन फी दाखवता येते, नव्यात येत नाही, आणि २०२३-२४ पासून नवी रिजीम डिफॉल्ट आहे, म्हणजे तुम्ही जुनी निवडली नाही तर नवीच लागते.

पण ही सवलत होती केवढी ते तरी बघा. ८०सी ची एकूण मर्यादा दीड लाख, त्यात पीएफ, एलआयसी, पीपीएफ, होमलोनचं मुद्दल, सगळं कोंबायचं. महिन्याचा बेसिक पगार ६० हजार असेल तर नुसता पीएफच वर्षाला ८६,४०० होतो, उरले ६३,६००. त्यात एखादी एलआयसी पॉलिसी असेल (आपल्याकडे ती कुणाकडे नसते!) तर फीला जागा उरतेच कुठे. आणि त्यातही फक्त ट्यूशन फी चालते. डेव्हलपमेंट फी, बस फी, डोनेशन काही चालत नाही. वेगळा एज्युकेशन अलाउन्स म्हणून जी सूट होती ती तर कित्येक वर्षं मुलामागे महिन्याला १०० रुपयेच होती. १०० रुपयांत शाळेचं काय येतं, आयकार्डची दोरी?

आता हिशेब. पगार १५ लाख धरा, २०२५-२६ चे दर धरा. जुन्या रिजीममध्ये ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट मिळणारी वजावट) आणि ८०सी चे पूर्ण दीड लाख वजा केले तर १३ लाखांवर टॅक्स येतो, सेस (टॅक्सच्या रकमेवर वर लागणारा ४% कर) धरून २,१०,६००. नव्या रिजीममध्ये फी-बी काही न दाखवता ७५ हजार वजा केले तर १४.२५ लाखांवर सेस धरून ९७,५००. म्हणजे फीची सवलत सोडून देऊन पण १ लाख १३ हजार वाचतात. मोठं होमलोन, घरभाडं, मेडिक्लेम असं सगळं मिळून स्टँडर्ड डिडक्शन सोडून जवळजवळ साडेपाच लाखांच्या सवलती दाखवता येत असतील तरच या पगाराला जुनी रिजीम बरोबरीला येते. तुमच्या घरचा आकडा वेगळा येऊ शकतो, तो काढा, पण "फीची सवलत गेली म्हणून लुटलो" हे बहुतेक नोकरदारांच्या बाबतीत बसत नाही.

४% सेसबद्दल मात्र मनात राग असेल तर तो बरोबर आहे. २००४ साली शिक्षणासाठी म्हणून २% सुरू झाला, २००७ ला ३ झाला, २०१८ ला आरोग्य जोडून ४. आपण तो इन्कम टॅक्सवर भरतो आणि वर खाजगी शाळेची फी पण भरतो, कारण जवळची पालिकेची शाळा एकतर बंद झाली नाहीतर तिच्यावर आपला भरवसा राहिला नाही.

"ब्रिटनने लावला, आता आपला नंबर"

ब्रिटनचं खरं आहे. तिथे १ जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या फीवर २०% व्हॅट (तिथला जीएसटीसारखा कर) लागला, लेबर पार्टीने निवडणुकीच्या जाहीरनाम्यात तसं लिहून निवडणूक लढवली होती. पण तिथे खाजगी शाळेत जाणारी मुलं जेमतेम ७%. बाकी सगळे, आपले तिकडे गेलेले आयटीवाले धरून, सरकारी खर्चाच्या शाळेत. लंडनजवळच्या स्लाऊ भागात घर घेण्यासाठी आपली माणसं धडपडतात ती तिथल्या ग्रामर स्कूलसाठी, म्हणजे परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळांसाठी, आणि त्या फुकट असतात. तिथे हा श्रीमंतांवरचा कर म्हणून विकता आला. इथे रिक्षावाल्याचं पोरगं पण खाजगी इंग्लिश मीडियममध्ये आहे, असा कर लावायची हिंमत कुठला पक्ष करेल? शिवाय इथे ते जीएसटी कौन्सिलमध्ये, म्हणजे दर ठरवणाऱ्या केंद्र-राज्यांच्या परिषदेत, तीन चतुर्थांश मतांनी पास व्हावं लागतं आणि त्या मतांत राज्यांचा वाटा दोन तृतीयांश.

"टॅक्समुळे शाळा फी वाढवतात"

मेसेजमधलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण यात थोडंसं तथ्य आहे आणि त्या थोड्याशाच्या आड बरंच काही लपतं.

तथ्य एवढंच की फी करमुक्त असल्यामुळे शाळेला खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कर दुकानदारासारखा वळता करून घेता येत नाही. कॉम्प्युटर, एसी, इमारतीचं बांधकाम, सॉफ्टवेअर, खाजगी शाळेची बोर्डाकडची संलग्नता फी, यावरचा १८% शाळेच्या खर्चातच राहतो आणि शेवटी फीमध्ये येतो. म्हणजे तुमच्या फीत थोडा लपलेला कर आहे. पण शाळेचा सगळ्यात मोठा खर्च शिक्षकांचे पगार, त्यावर जीएसटी नसतो. साधारण शाळेत हा लपलेला कर फीच्या काही टक्क्यांपुरता असणार, आणि तो २०१७ पासून आहेच, दर दोन वर्षांनी नव्याने लागत नाही. मग दर दोन वर्षांनी वाढ कसली?

महाराष्ट्रात २०११ चा फी नियमन कायदा आहे, २०१४ पासून लागू झालेला. त्यात व्यवस्थापनाने वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा, समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलायची नाही. दर दोन वर्षांनी १५% वाढ धरली तर पहिलीला १ लाख असलेली फी नववीला पावणेदोन लाख होते. आणि यात डोनेशन धरलेलं नाही, जे १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्यानुसार घेताच येत नाही आणि तरी "बिल्डिंग फंड" या नावाने रोखीत जातं. त्याची पावती नसते.

तुमच्या शाळेची समिती कुणाची आहे, चिठ्ठ्या कधी टाकल्या, शेवटच्या सभेचं इतिवृत्त कुठे लावलंय, हे किती जणांना सांगता येईल? शाळा "टॅक्स वाढला" म्हणून फी वाढवत असेल तर लेखी विचारा, कुठला टॅक्स, कधीपासून, किती रुपये. उत्तर पटलं नाही तर याच कायद्याखालच्या विभागीय फी नियमन समितीकडे जाता येतं, फक्त कायद्यातल्या नंतरच्या दुरुस्तीने एकट्या पालकाची तक्रार चालत नाही, किमान २५% पालक लागतात. चाळीसच्या वर्गात दहा. तेवढी माणसं तर हा मेसेज पाच मिनिटांत फॉरवर्ड करतात.