भिंत भक्कम, पण कोणत्या दिशेची?
फेंगशुई, म्हणजे चिनी वास्तुशास्त्र, यातले घरासाठीचे नियम सांगणारा एक लेख वाचला. पलंगाचं डोकं भक्कम भिंतीला टेकलेलं हवं, खिडकीखाली नको, हा नियम त्यात दिलाय. भिंत कोणत्या दिशेची, याबद्दल अवाक्षर नाही. आमच्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, रात्री जेवणं आटोपल्यावरही हाताला गरम लागते. तिथे उशी टेकवून झोप लागेल कशी? सासूबाईंनी सरळ पलंग ओढून पूर्वेच्या खिडकीखाली घेतला, तेव्हा कुठे त्यांना पहाटेपर्यंत झोप मिळायला लागली.

बाथरूमचं दार कायम बंद ठेवा, हा लेखातला दुसरा नियमही आत झरोका किंवा एक्झॉस्ट फॅन असेल तरच ठीक. नाहीतर पावसाळ्यात ओल कोंडते आणि शेजारच्या कपाटातल्या साड्यांना कुबट वास लागतो. कमोडचं झाकण लावून ठेवण्याचा लेखातला सल्ला मात्र शंभर टक्के पटला.